सामाजी, शमुवेल, श्मुएल, सॅम्युअल : चार उच्चार, एक नाव

विचारणाऱ्यांची अडचण अशी आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातलं घर, मूळ गाव अलिबागच्या बाजूचं. घरात मुलगा झालाय. खापरपणजोबांचं नाव ठेवायचं ठरलं, पण ते नाव नेमकं काय यावरच घोळ आहे. मोडी कागदात ‘सामाजी’ लिहिलंय, इस्राएलमधली आत्या ‘श्मुएल’ म्हणते, मराठी बायबलात ‘शमुवेल’ आहे आणि जन्मदाखल्यावर ‘सॅम्युअल’ लिहायचं घाटतंय. बाळांच्या नावांच्या याद्यांत अर्थ सापडला तो ‘देवाने ऐकले’. ही सगळी नावं एकच का, अर्थ बरोबर आहे का, आणि या नावाची मोठी माणसं कोण होऊन गेली?

नाव एकच आहे. अर्थ मात्र चुकलाय, आणि तो इतक्या ठिकाणी छापला गेलाय की मी हिब्रू शिकवायला बसलो की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हमखास विचारतं. म्हणून आधी तेच.

हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचं : शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. शेवटची दोन मिळून ‘एल’, म्हणजे देव. पहिली दोन ‘शेम’, म्हणजे नाव. मधला वाव ‘उ’ हा स्वर दाखवतो. हा ‘उ’ फार जुना आहे, हिब्रूत नामाला विभक्तिप्रत्यय लागायचे त्या काळचा. तेव्हा ‘शमु-एल’ म्हणजे ‘त्याचं नाव एल’ किंवा ‘देवाचं नाव’. ज्या नावाच्या अर्थातच ‘नाव’ आहे असं नाव विरळाच. आता ‘ऐकले’ म्हणायचं तर ‘शमा’ हा धातू हवा, आणि त्याच्या शेवटी आयिन हे अक्षर असतं. इश्माएल या नावात तो आयिन ढळढळीत दिसतो. बायबलात अब्राहामाची दासी हागार, तिचं दुःख देवाने ऐकलं म्हणून मुलगा इश्माएल. तिथे ‘देव ऐकतो’ हा अर्थ चोख बसतो. श्मुएलमध्ये आयिन नाहीच. तो मधल्यामध्ये गळून पडला असं मानणारे अभ्यासक आहेत, पण मला ते कधी पटलं नाही. धातूचं मूळ व्यंजन असं सहजासहजी गळत नाही.

हा फरक मला कोकणातल्या एका कबरस्तानात चांगलाच नडला होता. वर देवनागरीत नाव, खाली हिब्रूत, अशी जुनी शिळा. अक्षरं झिजलेली, म्हणून तांब्याभर पाणी ओतलं आणि ऊन तिरकं होईपर्यंत बसून राहिलो. मग दिसलं की पाथरवटाने आलेफच्या जागी आयिन कोरलाय. आयिनचा आकार बेचक्यासारखा, आलेफ फुलीच्या जवळ जाणारा. कागदावरचं बघून कोरणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण त्या एका टाकीच्या घावाने मी अर्धा दिवस त्या माणसाला श्मुएल सोडून भलताच कुणी समजत होतो. वरचा मराठी ‘शमुवेल’ नीट वाचला असता तर इतका वेळ गेला नसता.

या नावाचा साचा हिब्रूहूनही जुना आहे. मेसोपोटेमियात लार्सा नावाच्या नगरराज्यावर इसवीसनापूर्वी एकोणिसाव्या शतकात सुमु-एल नावाचा अमोरी राजा होता. जवळपास त्याच काळात बाबिलोनवर सुमु-ला-एल राज्य करत होता. कायद्याच्या शिळेमुळे प्रसिद्ध असलेल्या हम्मुराबीचा हा खापरपणजोबा. ‘सुमु’ म्हणजे तोच ‘शेम’. म्हणजे बायबलातला शमुवेल जन्मायच्या कितीतरी शतकं आधीपासून या धाटणीची नावं त्या मुलखात पाळण्यात ठेवली जात होती.

मग ‘ऐकले’ आलं कुठून? शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना, तिच्या गोष्टीतून; बायबलातल्या ‘१ शमुवेल’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती आहे. एलकानाच्या दोन बायका, पनिन्ना लेकुरवाळी, हन्ना वांझ. दरसाल शिलोला यात्रेला जायचं आणि सवतीचे टोमणे खायचे. एका वर्षी हन्ना देवळात जाऊन ओठातल्या ओठात पुटपुटत रडते, आणि दारात बसलेला म्हातारा पुरोहित एली तिला चक्क दारू प्यायलीस का म्हणून दटावतो. ती नवस बोलते : मुलगा दिलास तर तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. मुलगा होतो, दूध सुटल्यावर ती त्याला शिलोला नेऊन सोडते. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नवसाचं पोर देवाला वाहायचं, इतकंच.

खरी गंमत हन्नेच्या तोंडच्या वाक्यात आहे. नाव ठेवताना ती म्हणते, ‘मी त्याला परमेश्वराकडून मागून घेतलं.’ मागणे याला हिब्रू धातू ‘शाअल’. त्यापासून श्मुएल होत नाही, होतं ‘शाऊल’, म्हणजे मराठी बायबलातला शौल, इस्राएलचा पहिला राजा! त्याच अध्यायाच्या शेवटी ती मुलाला देवाच्या हवाली करते तेव्हा तर अक्षरशः ‘हू शाऊल’ असे शब्द आहेत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही जन्मकथा मुळात शौलाची होती, नंतर शमुवेलाला चिकटली. मला तसं वाटत नाही. त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लोक शमुवेलाकडे राजा मागायला येतात तेव्हा पुन्हा तोच ‘शाअल’ वापरलाय. एका बाईने पोर मागितलं, एका समाजाने राजा मागितला. लिहिणाऱ्याने तो शब्द पहिल्या पानापासून मुद्दाम पेरलाय. तेव्हा हन्नेचं बोलणं ही व्युत्पत्ती नाही, श्लेष आहे. पुढे भाविकांनी नवस, प्रार्थना, ऐकणं हे सगळं एकत्र केलं आणि नामकोशांनी ते जसंच्या तसं उचललं.

आता उच्चारांकडे. ग्रीकमध्ये ‘श’ नाही. अलेक्झांड्रियात हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा श्मुएलचा ‘सामुएल’ झाला, लॅटिनने तो तसाच घेतला आणि युरोपभर ‘स’ गेला. त्यामुळे मराठी बायबलातला ‘शमुवेल’ मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे आणि ‘सॅम्युअल’ युरोप फिरून, इंग्रजांबरोबर जहाजाने आलेला. हंगेरीत लिहितात सामुएल पण वाचतात शामुएल, कारण तिथलं ‘एस’ हे अक्षरच ‘श’ उच्चारतं. पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या यिद्दिशमध्ये लाडाने ‘श्मुलिक’, आणि त्याच नावाचा झिजून झालेला ‘झानविल’ तर ओळखूच येत नाही. फिनलंडमध्ये घरगुती रूप ‘सामु’. तुमच्या आजी बाळाला सामू म्हणायला लागल्या असतील तर त्या एकट्या नाहीत.

सामाजीची वाट मात्र अस्सल कोकणी आहे. बेने इस्राएल लोकांनी गावावरून आडनावं घेतली, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. तसंच नावांना शेजाऱ्यांसारखा ‘जी’ लावला. शिवाजी, संभाजी, तसा श्मुएलचा सामाजी आणि यहेज्केलचा (इंग्रजीत एझिकेल) हसाजी. देवळात (सिनेगॉगमध्ये) तोरा, म्हणजे बायबलाची पहिली पाच पुस्तकं, वाचायला पुकारताना हिब्रू नाव, बाजारात आणि कुळाच्या कागदात ‘जी’वालं. दोन नावं दोन ठिकाणी, कुणाला त्यात अडचण वाटत नव्हती.

सामाजी हसाजी म्हणजेच सॅम्युअल एझिकेल दिवेकर हा या नावाचा आपल्या मातीतला सगळ्यात मोठा माणूस. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत देशी अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडला. समाजात सांगतात ती हकिगत अशी : कैद्यांना जात विचारली, त्यांनी ‘बेने इस्राएल’ सांगितलं, आणि टिपूच्या आईने, हे नाव तर कुराणात आहे, ही माणसं मारू नका, असं म्हटलं. सुटलो तर देऊळ बांधीन असा सामाजीचा नवस. म्हणजे हन्नेसारखाच, फक्त पोराऐवजी देऊळ. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, शाअर हारहमीम, दयेचं द्वार. बेने इस्राएल आपल्या देवळाला ‘मशीद’च म्हणत, त्यामुळे ही ‘जुनी मशीद’ झाली. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात. १८६० मध्ये सिनेगॉग आताच्या जागी आलं. पण जिथून सामाजीने सुरुवात केली त्या गल्लीला त्याच्यावरूनच सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात. हातगाड्यांच्या गर्दीत पाटी शोधायला मान वर करावी लागते.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सॅम्युअल. इंग्लंडात प्रोटेस्टंट सुधारणेनंतर संतांची नावं टाकून जुन्या करारातली नावं ठेवायची लाट आली, आणि त्या लाटेत हे नाव घरोघर गेलं. त्यातलाच सॅम्युअल पेपीस, आरमाराच्या कचेरीतला अंमलदार, १६६० ते १६६९ रोजनिशी लिहिणारा. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळायची ठरली होती, पण पोर्तुगीज गव्हर्नर ताबा देईना. १६६३ मध्ये पेपीस चिडून लिहितो की पोर्तुगीजांनी आपल्याला गंडवलं. नकाशात दाखवलं तसं काही नाही, हे एक लहानसं दरिद्री बेट आहे. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन (त्याचं नावही हिब्रूच) कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत मेला. त्या दरिद्री बेटावर सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आत दुसऱ्या एका सॅम्युअलने देऊळ बांधलं, हे पेपीसला कळलं असतं तर त्याने रोजनिशीत चार ओळी नक्की खरडल्या असत्या.

त्या लाटेमुळे इतिहासकारांना एक हत्यारही मिळालं. कॅनडातलं क्वेबेक शहर १६०८ मध्ये वसवणारा सॅम्युएल द शांप्लें कॅथलिक राजाच्या नोकरीत होता, पण त्याचं घर मूळचं प्रोटेस्टंट असावं असा कयास केवळ त्याच्या नावावरून बांधला गेला. त्या काळी फ्रान्समधलं कॅथलिक घर मुलाला सहसा जुन्या करारातलं नाव ठेवत नसे.

आधीच्या काळात मात्र हे नाव बहुतेक यहुदी किंवा पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांत दिसतं, आणि तिथली माणसं माझ्या जास्त आवडीची. बाबिलोनियातल्या नेहारदेआ गावचा तिसऱ्या शतकातला पंडित श्मुएल हा ज्योतिषीही होता. तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, त्याचं म्हणणं नोंदलंय की नेहारदेआच्या गल्ल्यांइतक्या मला आकाशातल्या वाटा पाठ आहेत; फक्त ते शेंडेनक्षत्र काय असतं ते मला ठाऊक नाही. ज्या राज्यात राहायचं त्याचा कायदा तोच आपला कायदा, हे परदेशस्थ यहुद्यांना शतकानुशतकं पुरलेलं सूत्रही त्याचंच. मग श्मुएल हानागीद, इ.स. ९९३ ते १०५६ : कोर्दोबाहून पळालेला, पुढे ग्रानादाच्या मुसलमान राजाचा वजीर झाला, फौजेबरोबर मोहिमेवर जाई आणि छावणीतून हिब्रू कविता लिहून मुलाला धाडी.

अरबीत या नावाचं रूप ‘समवअल’. इस्लामपूर्व काळात तयमा इथल्या गढीत राहणारा यहुदी कवी समवअल. दंतकथा सांगते की एका कवीने त्याच्याकडे चिलखतं ठेवायला दिली. शत्रूने गढीला वेढा घालून त्याचा मुलगा पकडला : चिलखतं दे, नाहीतर पोर जाईल. त्याने ठेव दिली नाही, पोर डोळ्यांदेखत गेलं. ‘समवअलपेक्षाही वचनाचा पक्का’ ही अरबी म्हण तिथून आली. कुराणात शमुवेलची गोष्ट आहे पण नाव नाही, नुसतं ‘त्यांचा नबी’ असं येतं. नाव भाष्यकारांनी पुरवलं.

आणि बल्गेरियाचा झार सामुइल. हे चार भाऊ : दावीद, मोशे, आरोन आणि सामुइल, ख्रिस्ती घरात चारही नावं जुन्या करारातली. १०१४ मध्ये बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बेसिलने त्याच्या पकडलेल्या सैनिकांचे डोळे काढले आणि वाट दाखवायला दर शंभरामागे एकाचा एक डोळा राखला, असं इतिवृत्तकार लिहितात. ती रांग परत आलेली बघून झार कोसळला आणि दोन दिवसांत गेला.

नंतरचे सॅम्युअल तुम्हाला ठाऊकच असतील, म्हणून भराभर. १७५५ चा इंग्रजी शब्दकोश करणारे डॉ. जॉन्सन, १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवणारे मोर्स, त्या तारेतलं वाक्यही बायबलातलंच, १८९६ मध्ये मुंबईत उतरलेले मार्क ट्वेन, ज्यांचं खरं नाव सॅम्युअल क्लेमन्स. इथल्या नोकराला त्यांनी त्याच्या नावाऐवजी ‘सैतान’ हाक मारायला सुरुवात केली. स्वतःचं नाव बदललेल्या माणसाला दुसऱ्याचं बदलायला काय लागतं! साहित्याचं नोबेल १९६६ मध्ये श्मुएल अग्नोनना आणि तीनच वर्षांनी सॅम्युअल बेकेटना. अमेरिकेचा ‘अंकल सॅम’ म्हणजे ट्रॉय गावचा मांस पुरवठादार सॅम्युअल विल्सन असं तिथल्या काँग्रेसने १९६१ मध्ये ठरावच करून टाकलं. आणि हिमाचलात सफरचंदाच्या बागा रुजवणारे सॅम्युअल स्टोक्स : फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये आले, असहकारात तुरुंगात गेले, १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाले.

एक सावधगिरी. ‘सॅम’ दिसला की सॅम्युअल समजू नका. फील्ड मार्शल सॅम माणेकशा पारशी; त्यांचा साम हा इराणी वीर, रुस्तुमाचा आजोबा. त्याचा हिब्रूशी काडीचा संबंध नाही. सॅमसन हेही वेगळं नाव, ते सूर्यासाठीच्या ‘शेमेश’ या शब्दावरून आलेलं. आणि कोकणातल्या कागदात ‘सामाजी’ दिसला म्हणजे तो बेने इस्राएलच असेल असंही नाही. शामजी, सोमाजी यांच्याशी गल्लत मी स्वतः केलेली आहे.

म्हणून तुमच्या कागदाबद्दल. फक्त नावाच्या ओळीचा फोटो पाठवलात, तो पुरेसा नाही. खाली ‘साक्ष’ आणि ‘बिकलम’ (कागद लिहिणारा) यांच्या पुढे जी नावं आहेत तीही घ्या. तिथे हसाजी किंवा एलोजी, मुसाजी असे कुणी असतील तर सामाजी तुमचाच. जन्मदाखल्यावर सॅम्युअल लिहा की शमुवेल, हरकत नाही, पण शाळेपासून पासपोर्टपर्यंत एकच स्पेलिंग ठेवा. इस्राएलमधल्या नोंदीत ती पाच अक्षरं गेली की तिथे आपोआप श्मुएलच वाचतील. आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी हज्जान (देवळात प्रार्थना म्हणवणारे) कागदावर नाव लिहून मागतील तेव्हा अक्षरं बोट ठेवून मोजा : शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. बेचक्यासारखं अक्षर दिसलं तर त्यांना थांबवा.